दहा हजार मोती आणि त्यांच्यामधली जागा : १९४७ च्या राजविवाहाचा पोशाख

प्रश्न भरतकाम शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग चालू असताना, १९४७ साली राजकुमारी एलिझाबेथ (पुढे राणी एलिझाबेथ द्वितीय) यांच्या लग्नाचा दहा हजार मोत्यांचा पोशाख तयार झाला कसा, आणि आज वधूवस्त्रांचे काम करणाऱ्याने त्यातून नेमके काय उचलावे, असे तिने विचारले आहे. मी गेली एकतीस वर्षे पुण्यात वधूवस्त्रांवर हातभरताचे काम करते आणि करवून घेते. शालूंवरचे काम, घागरे, आणि वसईच्या व गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांसाठी लागणारे पांढरे गाऊन या तिन्हींशी माझा रोजचा संबंध आहे. त्यामुळे हे उत्तर अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाचे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीपाशी, बसणाऱ्याच्या नजरेतून दिले आहे, असे समजून वाचावे.

आधी त्या दहा हजार मोत्यांचा हिशेब करू, कारण या पोशाखाबद्दल जो बोलतो तो याच आकड्यापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. बारीक मोती पक्का टाकायचा म्हणजे प्रत्येक मोत्यातून सुई दोनदा काढायची आणि तीन-चार मोत्यांनंतर मागच्या बाजूला गाठ घ्यायची. असे केले की एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी पुढची सगळी ओळ ओघळत नाही. या पद्धतीने माझ्याकडचा सरावलेला हात तासाला शंभर-सव्वाशे मोती टाकतो. म्हणजे दहा हजार मोती हे एकट्या कारागिराचे ऐंशी ते शंभर तासांचे, फार तर बारा-तेरा दिवसांचे काम झाले. वजनाचे म्हणाल, तर दोन मिलिमीटर व्यासाचा मोती धरला तरी दहा हजार मोत्यांचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे अर्धा पाव. आज एखाद्या मध्यम घागऱ्यावरही याहून जास्त मणी आणि टिकल्या असतात. आणि तरीही या पोशाखावर ३५० स्त्रियांनी सात आठवडे काम केले, अशी नोंद आहे. ते सगळे श्रम मोती टाकण्यात गेले नाहीत हे उघड आहे. ते कुठे गेले, हे समजले की पोशाख समजतो.

काळ कसा होता ते थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १ जून १९४१ रोजी सुरू झाले आणि ते उठले मार्च १९४९ मध्ये. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळत होती आणि एका लोकरी फ्रॉकलाच ११ कुपने द्यावी लागत. पुढे हा वाटा आणखी कमी झाला. युद्ध संपून दोन वर्षे झाली तरी पावसुद्धा रेशनवर होता. जुलै १९४७ मध्ये राजकुमारी एलिझाबेथ आणि फिलिप माउंटबॅटन यांचा विवाह ठरल्याचे जाहीर झाले, तेव्हा वधूलाही कुपनांतून सूट मिळाली नाही. सरकारने तिला २०० जादा कुपने मंजूर केली, इतकेच. देशभरातल्या बायकांनी आपली कुपने पाकिटात घालून राजवाड्यावर पाठवली. एकाची कुपने दुसऱ्याने वापरणे कायद्याने गुन्हा असल्यामुळे ती आभाराच्या पत्रासह परत करावी लागली. स्वतःच्या जुन्या पडद्यांचे झगे शिवणाऱ्या बायकांनी आपल्या वाट्याचे कापड एका नवरीसाठी काढून द्यावे, ही गोष्ट मला या पोशाखाच्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. नवरीला काही कमी पडू नये म्हणून चाळीतल्या घराघरांतून दागिने गोळा होतात, त्यातली ती भावना आहे.

पोशाखाचे काम ब्रिटिश वेशभूषाकार नॉर्मन हार्टनेल यांच्याकडे आले. त्यांचा कारखाना लंडनच्या मेफेअर भागात २६, ब्रूटन स्ट्रीट येथे होता. स्वतः एलिझाबेथ यांचा जन्म १९२६ साली त्याच रस्त्यावर, १७ क्रमांकाच्या घरात झाला होता. हार्टनेल या घराण्याला नवखे नव्हते. १९३५ साली ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्या वधूचा मोतिया-गुलाबी साटनचा पोशाख त्यांनी केला होता, आणि त्या लग्नात करवल्या म्हणून उभ्या राहिलेल्या एलिझाबेथ आणि मार्गारेट या दोघी लहान बहिणींचे फ्रॉकही त्यांचेच होते. त्यांची खरी परीक्षा झाली १९३८ साली. राणीच्या, म्हणजे एलिझाबेथ यांच्या आईच्या, फ्रान्स दौऱ्यासाठी रंगीत पोशाखांचा संपूर्ण संच तयार असताना राणीच्या आईचे निधन झाले. दौरा पुढे ढकलला गेला आणि सुतकात रंगीत कपडे घालता येईनात, म्हणून हार्टनेल यांनी थोड्याच आठवड्यांत सगळा संच पांढऱ्या रंगात पुन्हा केला. युरोपच्या राजघराण्यांत पांढरा रंग शोकाचाही मानला जात असे. पांढऱ्या लुगड्याचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, रंग हाताशी नसताना केवळ पोत, चमक आणि पारदर्शकता यांच्या फरकावर कपडा कसा उभा करायचा, हे त्या कामात त्यांच्या हातात मुरले असणार. नऊ वर्षांनी त्याचाच उपयोग झाला.

राजघराण्यातली वधू पांढरेच नेसते हा समज फार जुना नाही. १८१६ साली राजकुमारी शार्लट यांचे लग्न रुपेरी जरीच्या पोशाखात झाले. पांढऱ्याला खरा मान मिळाला तो १८४० साली, राणी व्हिक्टोरिया यांच्या लग्नात, आणि त्यामागे व्यवसायाचे कारणही होते. यंत्रावरच्या लेसमुळे डेव्हन परगण्यातील होनिटन लेस करणाऱ्या बायकांचे काम बुडत चालले होते. राणीने मुद्दाम त्यांच्याकडून लेस करवून घेतली, दोनशेहून अधिक बायकांना त्यातून काम मिळाले, आणि साटन घेतले ते लंडनच्याच स्पिटलफिल्ड्समधल्या विणकरांकडून. पांढरी लेस उठून दिसावी तर तिच्याखाली पांढरे साटनच शोभते. तेव्हापासून राजविवाहाचा पोशाख हा देशातल्या कारागिरांना दिलेले मोठे जाहीर काम असते, ही रीत पडली. १९४७ मध्ये ती अधिकच लागू होती.

आता कापड. हार्टनेल यांनी डचेस साटन निवडले. ते स्कॉटलंडमधल्या डन्फर्मलिन येथे, विंटरथर सिल्क्स या कंपनीच्या कॅनमोर कारखान्यात विणले गेले. त्यावेळी एक विचित्र अडचण उभी राहिली. इटली आणि जपान हे रेशमाचे दोन मोठे पुरवठादार, आणि दोघेही कालपरवापर्यंतचे शत्रू. युद्धात मुले गमावलेल्या देशात राजकुमारीच्या अंगावर शत्रूचे रेशीम चालणार नाही, असा सूर निघाला आणि रेशमाच्या किड्यांच्या राष्ट्रीयत्वाची चौकशी करण्याची वेळ हार्टनेल यांच्यावर आली. किडे चीनमधले, राष्ट्रवादी चीनमधले, असे उत्तर कारखान्याकडून आले तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. केंट परगण्यातल्या ललिंगस्टोन कॅसल येथे रेशीमकिडे पाळण्याचे एक केंद्र होते. तिथल्या रेशमाचाही या पोशाखात वाटा आहे. मोती मात्र ब्रिटनमध्ये मिळेनात. ते अमेरिकेतून आणावे लागले. हार्टनेल यांचे व्यवस्थापक ते घेऊन परतले तेव्हा कस्टमच्या अधिकाऱ्याने जाहीर करण्यासारखे काही आहे का, असे विचारले. त्यांनी राजकुमारीच्या लग्नाच्या पोशाखाचे दहा हजार मोती, असे सांगितले, आणि जकात भरेपर्यंत मोती तिथेच अडकून राहिले.

डचेस साटन म्हणजे काय, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही, तरी प्रयत्न करते. साटनच्या विणीत ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा बाण्याच्या, म्हणजे आडव्या, अनेक दोऱ्यांवरून सलग तरंगत जातो, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि प्रकाश एका दिशेने परततो. डचेस हा त्याचा जाड, दाट आणि भारदस्त प्रकार. त्याला स्वतःचा उभारपणा असतो, घेर आपल्या अंगाने उभा राहतो, आणि चमक काचेसारखी न दिसता ताज्या लोण्यासारखी दिसते. पण या कापडाचा एक दोष भरतकाम करणाऱ्याला रात्रीची झोप लागू देत नाही. त्यात सुई एकदा गेली की भोक राहते. सुती कापडावर टाका चुकला तर उसवावा, नखाने दोरे सरळ करावेत, काम पुढे चालू. साटनवर उसवलेल्या टाक्याची जागा उजेडात बारीक पुरळासारखी दिसते आणि ती कधीच जात नाही. म्हणून साटनवरचे काम आधी कागदावर पूर्ण व्हावे लागते.

हार्टनेल यांनी नेमके तेच केले. प्रेरणेसाठी ते लंडनमधल्या चित्रसंग्रहांतून हिंडले, आणि बॉतिचेल्ली या इटालियन चित्रकाराची, अंगाला बिलगलेल्या हस्तिदंती रेशमी वस्त्रातली, फुलांच्या वेलींनी वेढलेली एक आकृती त्यांना सापडली. याच चित्रकाराच्या वसंत ऋतूच्या प्रसिद्ध चित्राशी, ‘प्रिमावेरा’शी, या पोशाखाचे नाते जोडले जाते. युद्धानंतरचा वसंत, राखेतून पुन्हा फुलणे, हा आशय त्यांना हवा होता आणि तो त्यांनी फुलांच्या निवडीतून आणला. यॉर्क घराण्याचे पांढरे गुलाब, जाई, संत्र्याची फुले, सिरिंगा, ताऱ्यांसारखी फुले आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या गव्हाच्या लोंब्या. गव्हाची लोंबी हे तिकडे सुफलतेचे चिन्ह. आपल्याकडे नवरीची ओटी गव्हाने किंवा तांदळाने भरतात, त्यामुळे हे चिन्ह मराठी मनाला परके वाटू नये.

आराखड्याला अंतिम मंजुरी मिळाली ऑगस्ट १९४७ च्या मध्यास. आपल्याकडे मध्यरात्री तिरंगा चढत होता ते हेच दिवस. लग्न २० नोव्हेंबरला होते. हाताशी जेमतेम तीन महिने, आणि कापड विणण्यापासून सगळे व्हायचे होते.

मंजुरीनंतरची हार्टनेल यांची पद्धत मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. त्यांनी जमिनीवर ट्रेसिंग पेपरचे ताव जोडून पसरले आणि गुडघ्यांवर बसून, रांगत, प्रत्येक आकृतीची जागा पेन्सिलीने ठरवली. सर्वांत आधी त्यांनी मोठ्या गुलाबांसाठी नुसती वर्तुळे काढली, काही जवळजवळ, काही लांब लांब. हे गुलाब आतून भर घालून फुगवलेल्या साटनचे होणार होते, म्हणजे नजर पहिल्यांदा तिथेच थांबणार होती. मग जिथे रचना दुबळी वाटली किंवा जागा उघडी पडली, तिथे गव्हाची आणखी एक लोंबी, आणखी काही पाने, आणखी थोडी फुले. फुलवाला गुच्छ बांधतो तसा तोल साधायचा, असा त्यांचा विचार होता. आमच्याकडे जरदोजीच्या कामात याला खाका म्हणतात: कागदावर नक्षी काढायची, रेषेवरून सुईने बारीक भोके पाडायची, आणि रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी किंवा निळी पूड त्यावरून फिरवून नक्षी कापडावर उतरवायची. पद्धतीत फारसा फरक नाही. फरक आहे तो कागदापाशी किती वेळ थांबायचे याचा. बहुतेक जण फूल काढायला बसतात आणि उरलेल्या जागेत पाने भरतात. हार्टनेल यांनी आधी जागा काढली.

आता श्रम कुठे गेले, या प्रश्नाकडे येते. पोशाखाचे दोन भाग होते. पहिला भाग साटनचा गाऊन: हृदयाच्या आकाराचा गळा, अंगाबरोबर बसणारी चोळी, लांब घट्ट बाह्या, कमरेला पुढे टोक काढून खाली उतरणारी रेषा, आणि कळ्या, म्हणजे कापडाच्या उभ्या पट्ट्या, जोडून केलेला जमिनीपर्यंतचा घेर. दुसरा भाग म्हणजे खांद्यांपासून सुटून मागे लोळत जाणारी ट्रेन, हस्तिदंती रेशमी ट्यूलची, म्हणजे आपण जिला नेट म्हणतो त्या बारीक जाळीची. तिची लांबी कोणी १३ फूट सांगतात, कोणी १५. या जाळीवर साटनच्या आकृती बसवून त्यांना मोती, स्फटिक आणि रुपेरी दोऱ्याची जोड दिलेली आहे.

जाळीवर साटनचे फूल बसवणे म्हणजे काय, ते जवळून सांगते. फुलाचा तुकडा कापला की साटनच्या कडा लगेच सुटू लागतात, कारण तेच लांब तरंगणारे दोरे बाजूने निसटतात. कडा दुमडावी तर पाकळीची टोके जाड होतात आणि जाळीतून ती दुमड आरपार दिसते. म्हणून आकृती आधी न कापता जाळीवर टाचायची, बाह्यरेषेवरून अगदी जवळजवळ बारीक टाके घालायचे, आणि मग टाक्यांच्या बाहेरचे साटन छोट्या वाकड्या कात्रीने, जाळीचा एकही धागा न कापता, कापून काढायचे. कात्रीचे टोक अर्धा मिलिमीटर आत गेले तर जाळी फाटते, अर्धा मिलिमीटर बाहेर राहिले तर कडेला लव दिसते. त्या कापलेल्या कडेवर रुपेरी दोरा बांधतात आणि त्याच्या कुशीत मोती बसवतात. अशा कामात मोती शोभेबरोबर कडा धरून ठेवण्याचेही काम करतो. त्यात आणखी एक अडचण असते. साध्या कापडावर एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जाताना दोरा मागच्या बाजूने नेता येतो. जाळीवर तो दोरा आडव्या ओरखड्यासारखा दिसतो, म्हणून प्रत्येक आकृतीत, कितीही लहान असली तरी, दोरा नव्याने सुरू करायचा आणि तिथेच, आकृतीच्या पोटात लपवून, संपवायचा. सात आठवडे इथे गेले. दहा हजार हा आकडा छापायला सोपा आहे. संपवलेल्या दोऱ्यांची टोके कोणी मोजली नाहीत.

वजनाचा धडा मला माझ्या चुकीतून मिळाला. बारा-तेरा वर्षांपूर्वी वसईच्या एका नवरीसाठी मी नेटची लांब ट्रेन केली होती. काठाला काचेचे मणी दाट भरले, कारण फोटोत काठ भरलेला छान दिसतो. नेट कमरेला नुसतीच जोडली होती, खाली आधाराची पट्टी घातली नव्हती. चर्चच्या पायऱ्यांवर मागचा भाग ओढला गेला आणि जोडापाशी वीतभर नेट फाटली. नवरीच्या मावशीने पिना लावून वेळ निभावली, पण ती फाटलेली जागा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्यानंतर मी १९४७ च्या या ट्रेनची छायाचित्रे पुन्हा नीट पाहिली. ती खांद्यांवरून येते, म्हणजे वजन पाठीच्या सर्वांत भक्कम भागावर पेलले जाते आणि कमरेच्या शिवणीवर ताण येत नाही. मोठ्या आकृती एकमेकींपासून सुट्या आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जाळी सोडलेली आहे, त्यामुळे ट्रेन चालताना वाकते, वळते. सगळी जाळी भरली असती तर ती ताडपत्रीसारखी ओढली गेली असती. शिवाय ती उचलायला प्रिन्स विल्यम ऑफ ग्लॉस्टर आणि प्रिन्स मायकेल ऑफ केंट हे दोन लहान मुलगे होते. मायकेल तर पाच वर्षांचा होता. पाच वर्षांच्या मुलाने तोलावी अशी ट्रेन, ही अटही आराखड्याचाच भाग असते.

ट्रेनकडे इतके लक्ष का दिले गेले, हे आपल्या लग्नाशी ताडून पाहिले की उमगते. आपल्याकडे अंतरपाट दूर झाला की नवरी समोरून दिसते; म्हणून पदर, चोळी, गळा, कपाळ यांवर सगळी शोभा एकवटते. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये जमलेल्या सुमारे दोन हजार पाहुण्यांनी नवरीला लग्नाचा विधी चालू असताना पाठमोरे पाहिले. उंच छत, नोव्हेंबरचा मंद उजेड, आणि लांबवर एक पांढरी आकृती. अशा ठिकाणी बारीक नक्षी विरून जाते. दिसतात ते मोठे आकार आणि चकाकणारे ठिपके. साटनच्या फुलांनी आकार दिला, स्फटिकांनी ठिपके दिले, आणि मधल्या मोकळ्या जाळीने दोन्ही वेगळे दिसू दिले. पांढऱ्यावर पांढरे काम करताना रंगाचा आधार नसतो. साटन प्रकाश एका दिशेने परत करते, मोती तो आत घेऊन मऊ करून सोडतो, स्फटिक तो तोडून टाकतो आणि जाळी तो आरपार जाऊ देते. चार पांढरे, चार स्वभाव. हार्टनेल यांच्या या पोशाखातले रंग हेच.

तुलनेसाठी १९८१ चा डायना यांचा पोशाख घ्यावा. डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल यांनी तो केला, त्यावरही सुमारे दहा हजार मोती होते आणि ट्रेन २५ फुटांची होती. कापड होते टाफेटा. टाफेटा कुरकुरीत, हलके, फुगायला उत्तम. पण त्यात पडलेली चुणी सहजी जात नाही. घोडागाडीत दाबून बसवलेली ट्रेन सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उलगडली तेव्हा तिच्यावरच्या सुरकुत्या जगाने पाहिल्या. त्या दोघांच्या कल्पनेला आणि धाडसाला मी कमी लेखत नाही, पण पोशाख गाडीतून उतरणार आहे ही गोष्ट कापड निवडतानाच मनात असावी लागते. २०११ साली केट मिडलटन यांच्या पोशाखासाठी सारा बर्टन यांनी पुन्हा साटन आणि लेसच्या आकृतींकडे मोर्चा वळवला, आणि रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या कारागिरांनी हे काम करताना दर अर्ध्या तासाने हात धुतले आणि दर तीन तासांनी सुया बदलल्या. हा नियम मी माझ्याकडे तेव्हापासून लावला आहे. पांढऱ्या कामात घामाचा डाग पहिल्या दिवशी दिसत नाही, सहा महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो.

१९४७ च्या पोशाखाबाबत गुप्तता कडक होती. कामाच्या खोलीच्या खिडक्या झाकल्या होत्या आणि व्यवस्थापक रात्री तिथेच झोपत असे. लग्नाच्या सकाळी नवरीच्या आजी राणी मेरी यांचा झालरीसारखा हिऱ्यांचा टिआरा डोक्यावर चढवताना तुटला आणि जवाहिऱ्याकडून घाईने सांधून घ्यावा लागला, पुष्पगुच्छ सापडेना, गळ्यातले मोती दुसऱ्याच राजवाड्यात राहिले होते, ते आणायला एलिझाबेथ यांच्या सचिवांना धावावे लागले. लग्नघर म्हटले की हे आलेच. पोशाखाने मात्र त्या दिवशी कुठेही दगा दिला नाही.

लग्नानंतर पोशाख सेंट जेम्स राजवाड्यात लोकांना पाहण्यासाठी ठेवला गेला आणि पुढे देशातल्या मोठ्या शहरांतूनही फिरवला गेला. ज्या बायकांनी कुपने पाठवली होती, त्यांना तो जवळून पाहता आला. त्याच राजवाड्यात लग्नाचे आहेरही मांडले होते. हैदराबादच्या निजामाने दिलेला हिऱ्यांचा हार सर्वांना ठाऊक आहे. वस्त्राच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा एक आहेर: महात्मा गांधींनी स्वतः कातलेल्या सुताची, मध्यभागी ‘जय हिंद’ अक्षरे असलेली विणलेली लेस. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या सूचनेवरून ती पाठवली गेली. राणी मेरी यांना तो पंचा वाटला आणि त्यांनी नापसंती दाखवली, असे सांगतात. हातसुताचा पीळ कुठे घट्ट, कुठे सैल पडतो, आणि अशा सुतावर लेस विणायची तर विणणाऱ्याला प्रत्येक घराचा ताण बोटाने सांभाळावा लागतो. डन्फर्मलिनचे साटन आणि हे हातसूत, एकाच लग्नातली ही दोन पांढरी वस्त्रे शेजारी ठेवून पाहायला मिळाली असती तर वस्त्रांचा अख्खा अभ्यासक्रम तिथेच झाला असता.

पोशाख आज राजसंग्रहात आहे. २०१६ साली एलिझाबेथ राणींच्या नव्वदीनिमित्त बकिंगहॅम राजवाड्यातल्या प्रदर्शनात तो मांडला होता. असे रेशीम जपणे सोपे नसते. उजेडाने ते कमजोर होते, म्हणून प्रदर्शनात साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. टांगून ठेवले तर मण्यांच्या वजनाने जाळी ताणते. रुपेरी दोरा हवेने काळवंडतो. आपल्याकडे आजीचा शालू दुरुस्तीला येतो तेव्हा तो नेहमी घडीवरच चिरलेला असतो, कारण चाळीस वर्षे तो त्याच घडीवर, लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांसह ठेवलेला असतो. वर्षातून दोनदा घडी बदलावी, घडीच्या आत मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवावी, आणि जरीजवळ डांबरगोळी ठेवू नये. इतके केले तरी पुढची पिढी तो नेसू शकते.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरला आहे: यातून काय उचलावे. फुले उचलू नयेत. यॉर्कचा गुलाब कोल्हापूरच्या नवरीच्या वस्त्रावर उगाच पाहुण्यासारखा बसेल. ट्रेन पसरलेली दिसते असे एक स्पष्ट छायाचित्र घ्यावे, त्यावर पातळ कागद ठेवावा, आणि फुले अजिबात न गिरवता फक्त मोकळ्या जागांच्या कडा गिरवाव्यात. खांद्यापाशी त्या जागा कशा आहेत, काठाकडे जाताना त्यांचे माप कसे बदलते, मधल्या रेषेवर नजर कुठे थांबते, हे कागदावर आपोआप उतरते. मग आपल्या पुढच्या कामाचा खाका करताना मोठा कागद जमिनीवर पसरावा, गुडघ्यांवर बसावे, आणि पहिल्या दिवशी फक्त वर्तुळे काढावीत. फुले दुसऱ्या दिवशी काढावीत.